काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष : टिळकांचा अल्पायुषी पक्ष आणि खिलाफतचा शब्द

लोकमान्य टिळक म्हटले की ‘केसरी’ आणि मंडालेचा तुरुंग आठवतो. शेवटच्या दिवसांत त्यांनी एक पक्षही काढला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्ही ही नोंद निघोजे येथून लिहीत आहोत. चाकण एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या आपल्या घरांशीही या पक्षाच्या जाहीरनाम्याचा संबंध आहे.

स्थापना
१९१९च्या सुधारणा कायद्यानंतर प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका होणार होत्या. मताधिकार मोजक्या लोकांना होता, स्त्रियांना तर नव्हताच. मिळाले ते अपुरे आहे, पण ते वापरून पुढचे मागायचे, ही टिळकांची भूमिका. त्यासाठी एप्रिल १९२०मध्ये काँग्रेसच्या आतच हा पक्ष उभा राहिला. शिक्षण, चळवळ आणि संघटन ही त्याची त्रिसूत्री होती.

जाहीरनामा
खिलाफतचा प्रश्न मुसलमानांच्या श्रद्धेनुसार आणि कुरआनच्या शिकवणीनुसार सुटावा, या मागणीला जाहीरनाम्यात उघड पाठिंबा होता. जातीवरून येणारी बंधने हटवणे, मुलामुलींना मोफत व सक्तीचे शिक्षण, वेठबिगारी बंद करणे, भाषावार प्रांत, दारूबंदी हेही मुद्दे होते. शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्यांना योग्य किमान वेतन, कामाचे वाजवी तास आणि राहायला चांगले घर, असेही कलम होते. देशात किमान वेतनाचा कायदा आला तो १९४८मध्ये!

मुस्लिम समाज आणि टिळक
हे नाते सरळ नव्हते. १८९३च्या दंगलीनंतरचे त्यांचे लेखन आणि सार्वजनिक गणेशोत्सव यांबद्दल मुस्लिम समाजात नाराजी होती, ती लपवण्यात अर्थ नाही. पण १९१६च्या लखनौ कराराला, म्हणजे मुस्लिमांच्या स्वतंत्र मतदारसंघांना, त्यांनी ठाम पाठिंबा दिला. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात हायकोर्टात त्यांची बाजू बॅरिस्टर जिन्नांनी लढवली आणि जिंकली. जाहीरनाम्यातले खिलाफतचे कलम याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते.

शेवट
१ ऑगस्ट १९२०ला मुंबईत सरदारगृहात टिळकांचे निधन झाले. असहकार चळवळ सुरू झाली तीही त्याच दिवशी. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनात काँग्रेसने कायदेमंडळांवर बहिष्काराचा ठराव केला. टिळकांच्या अनुयायांना तो पटला नव्हता, तरी काँग्रेसचा निर्णय मानून ते निवडणुकीतून बाजूला झाले. निवडणुकीसाठी काढलेला पक्ष निवडणूक न लढवताच संपला. पुढे १९२४मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली.

पक्ष गेला, त्यातली कलमे मात्र राहिली. भाषावार महाराष्ट्र १९६०मध्ये झाला. किमान वेतन आणि कामाचे तास यांवर मात्र कारखान्यांच्या गेटवर आजही बोलावे लागते. एकमेकांच्या श्रद्धेचा मान राखून एकत्र राजकारण करता येते, हे त्या जाहीरनाम्याने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. आपल्या मुलांना इतिहास सांगताना टिळकांचे हे पानही जरूर सांगावे.