मांडवीची काळी वाळू

रत्नदुर्ग किल्ल्याच्या डोंगरसोंडेच्या एका अंगाला मिऱ्याकडचा पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र, अशी एकाच पाण्याची दोन नावे रत्नागिरीकरांनी पाडली, ती केवळ काठच्या वाळूच्या रंगावरून. आणि मांडवी म्हणजे तर जकातीचे ठाणे, तरीही जेथे गलबतांतल्या मालाची मोजदाद व्हावयाची, तेथे पायांखालची ही जड वाळू कोणी माल म्हणून गणली असेल असे मला वाटत नाही.

ही वाळू मूळची काळ्या कातळाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांतून कातळ झाला, तो पर्जन्याने झिजला, त्याचा काही भाग जांभा होऊन राहिला, काही नद्यांनी खाडीमुखाशी आणला, आणि मग सुपात धान्य पाखडावे तशी लाटांनी ती माती पाखडली, तेव्हा हलके कण वाहून गेले व पाण्याच्या सुमारे पावणेपाच पट जड असे इल्मेनाइट हे खनिज मागे उरले. इंग्लंडातील कॉर्नवॉल येथे विल्यम ग्रेगर नावाच्या धर्मोपदेशकाने 1791 साली अशीच काळी, लोहचुंबकाकडे ओढ घेणारी वाळू तपासून तीत एक अपरिचित धातू असल्याचे सांगितले. जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोथने 1795 साली त्याला टायटॅनियम हे नाव दिले. मुले मांडवीच्या वाळूत चुंबक फिरवतात तेव्हा झटकन चिकटतात ते कण बहुधा मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. इल्मेनाइटला ओढून घेण्यास प्रबल चुंबक लागतो.

या दुर्बलतेचे कारण स्फटिकाच्या रचनेत आहे. त्यात लोहाचा एक थर, टायटॅनियमचा एक थर आणि मधून ऑक्सिजन, अशी मांडणी असते. आपल्या हवेत लोहाणूंच्या चुंबकत्वाला शिस्त नसते, परंतु उणे 215 अंश सेल्सिअसच्या आसपास शीत केले असता एका थरातील सर्व लोहाणू एका दिशेस व पुढच्या लोहथरातील नेमके विरुद्ध दिशेस वळतात, म्हणून बेरीज शून्य येते. न्यूट्रॉनच्या साहाय्याने ही मांडणी 1959 साली वाचली गेली. चुंबकीय अनुनादाची पद्धत मात्र निराळी: चुंबकक्षेत्रात इलेक्ट्रॉन भोवऱ्याप्रमाणे डुलतो, आणि त्या डुलण्याच्या वेगाची लहर दिली की ती शोषली जाते. रशियातील कझान येथे झावॉइस्की या भौतिकशास्त्रज्ञाने 1944 साली ती पाहिली. 1967 साली इल्मेनाइटकुलातील भुकट्यांवर अशाच मापनांचा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

हे सारे परमुलखातच घडले असे नाही. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ धर्मत्ती यांनी अमेरिकेत आर्नल्ड व पॅकार्ड यांच्यासह 1951 साली मद्यार्कातील अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाच्या निरनिराळ्या रेषा वेगळ्या दाखविल्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तीच विद्या रुजविली. त्याच संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी 1959 साली डॉइच यांच्याबरोबर दख्खनच्या कातळाच्या जुन्या चुंबकत्वावर निबंध लिहिला, व तो कातळ जन्मला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, ही गोष्ट अशाच मापनांतून उमगली.

मोजमापाची ही परंपरा मांडवीच्या काठीही चालावी, म्हणून रत्नागिरीच्या महाविद्यालयांतील अध्यापकांना माझी विनंती आहे: पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मांडवीची ओंजळभर वाळू विद्यार्थ्यांकडून तोलवून घ्या, चुंबकाने निवडून घ्या, आणि तारखेनिशी तिची नोंदवही ठेवा.