ब्रिंडिसी : वाटेवरचें बंदर



अकोला जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं हिवरखेड नांवाचें गांव आहे. हिवर हें आपल्या वऱ्हाडांतील ओळखीचें कांटेरी झाड. त्याचें नांव हें गांव मिरवितें. येथून हजारों मैलांवर, इटलीच्या टांचेवर, ब्रिंडिसी नांवाचें बंदर आहे. त्याच्या नांवांत हरणाचें डोकें दडलेलें आहे. भूमध्य समुद्राचा जो एड्रियाटिक नांवाचा फांटा, त्याचें पाणी येथें शहराच्या दोहों बाजूंनीं शिंगांसारखें आंत शिरलें आहे. म्हणून तेथील प्राचीन लोकांनीं त्यास हरणाच्या मस्तकाचें नांव दिलें. एक गांव कांट्यांचें, दुसरें शिंगांचें. या दोहोंचा संबंध काय, असें आपण विचाराल. तोच आज सांगावयाचा आहे.

ब्रिंडिसीस जावयाचें तर रोमहून निघावें. आज आगगाडी आहे. परंतु ही वाट आगगाडीहून फार जुनी. इ. स. पूर्वीं ३१२ मध्यें एपियस क्लॉडियस या रोमन अधिकाऱ्यानें जो फरसबंद रस्ता आरंभिला, तो पुढें वाढत वाढत या बंदराशीं येऊन थांबला. रोमन सैन्य, व्यापारी आणि विद्यार्थी येथूनच ग्रीसकडे जहाजांत बसत. ग्रीसहून परतलेला महाकवि व्हर्जिल इ. स. पूर्वीं १९ मध्यें याच गांवीं वारला. बंदरावरील पायऱ्या चढून गेल्यावर एक उंच प्राचीन स्तंभ दिसतो. पूर्वीं असे दोन होते. दुसरा १५२८ सालीं कोसळला व त्याचे तुकडे पुढें शेजारच्या लेच्चे नगरानें नेले. रोमचें वैभव ओसरलें, वाट ओस पडली, आणि बंदरांत गाळ सांचूं लागला.

या निद्रित गांवास जाग आली ती आपल्याकडील टपालानें. १८६९ च्या नोव्हेंबरांत सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० पासून हिंदुस्थानचें टपाल ब्रिंडिसीवरून जाऊं लागलें, आणि १८७१ सालीं आल्प्स पर्वताखालचा बोगदा वाहतुकीस मोकळा होतांच हा मार्ग पक्का झाला. लंडनहून निघालेल्या थैल्या खाडी ओलांडून फ्रान्समधून, बोगद्यांतून व इटलीच्या सगळ्या लांबीवरून येथें येत. १८९० पासून त्यांकरितां एक खास गाडीच धांवूं लागली. जे उतारू या मार्गानें येत, त्यांचा बिस्केच्या उपसागरांतील हेलकाव्यांचा त्रास टळे आणि सुमारें आठवडा वांचे. १८९८ पासून 'आयसिस' व 'ओसायरिस' या दोन लहान पण वेगवान बोटी थैल्या घेऊन पोर्ट सय्यदपर्यंत धांवत. तेथें मोठी आगबोट वाट पाहत असे. एडनच्या पुढें, भर समुद्रावर, टपाल खात्याचे लोक पत्रें निवडीत बसत, म्हणजे मुंबईच्या धक्क्यावर थैली उतरतांच पत्र आपल्या गाडीस लागे.

आतां वऱ्हाडकडे पाहूं. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवीमुळें मँचेस्टरच्या गिरण्यांस कापसाचा तुटवडा पडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे त्यांचे डोळे लागले. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली. १८७० सालीं लॉर्ड मेयोनें खामगांवच्या लोहमार्गाचें उद्घाटन केलें. त्याच सालीं समुद्रतळाच्या तारेनें मुंबई व इंग्लंड जोडलीं गेलीं. भाव तारेनें येई, पण करार, हिशेब व तक्रारी कागदावरच येत. सातपुड्याच्या पायथ्याशीं कापूस वेंचणाऱ्या बाईस ब्रिंडिसीचें नांवहि ठाऊक नव्हतें. तरी तिच्या मालाच्या भावाविषयीं लिहिलेलीं पत्रें त्या बंदरावरून जात होतीं. दूरच्या वाटा आपल्या चुलीपर्यंत कशा येतात, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

परंतु ब्रिंडिसीस यांत काय लाभलें? उतारू गाडींतून उतरत आणि बोटीवर चढत. गांव वाटेवर होतें, मुक्कामावर नव्हतें. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि हा ओघ आटला. त्यानंतरहि इतिहास या धक्क्यावर येऊन गेला. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून रित्या हातांनीं परतणारे महात्मा गांधी १४ डिसेंबर १९३१ रोजीं 'पिल्स्ना' बोटीनें येथूनच निघाले व २८ तारखेस मुंबईस उतरले. १९४३ च्या सप्टेंबरांत रोम सोडून आलेल्या इटलीच्या राजानें येथें आश्रय घेतला, आणि पुढील फेब्रुवारीपर्यंत हें लहान शहर राज्यकारभाराचें केंद्र होतें. मग तेंहि सरलें.

आज येथून ग्रीस व आल्बेनियाकडे बोटी जातात. समोरच्या तीरावर १९३३ सालीं उभारलेलें, सुकाणूच्या आकाराचें ५३ मीटर उंच खलाशी-स्मारक दिसतें. तिकीट काढून बोटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशास दोन घटका असतात. त्यानें त्या पायऱ्या चढून एकट्या स्तंभाखालीं अवश्य बसावें.

आणि तेथें बसून त्यानें हिवरखेडचें स्मरण करावें. अकोल्याहून खांडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी हिवरखेडावरून जाई व पुढें धूळघाटाच्या वेटोळ्यानें सातपुडा चढे. २०१७ सालीं रुंदीकरणासाठीं ती थांबली. नवा मार्ग मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पांतून न्यावा कीं बाहेरून, यावर मोठा वाद झाला. अरण्य राखलें पाहिजे, हें कोणीहि सुज्ञ नाकारणार नाहीं. पण ज्या गांवाची गाडी बंद पडते, त्या गांवच्या विद्यार्थ्याची, रोग्याची व बाजारकरी माणसाची वाट लांबते, हेंहि तितकेंच खरें.

ब्रिंडिसी तीनदां वाटेवर आलें आणि तीनदां वाटेवरून दूर झालें. तरी तें गांव उरलें, कारण त्याचें पाणी व त्याचीं माणसें त्याचीं स्वतःचीं होतीं. रस्ते राजे आंखतात, कंपन्या आंखतात, सरकारें आंखतात. गांवानें वाटेची मागणी अवश्य करावी; मात्र आपली सारी भिस्त वाटसरूंवर ठेवूं नये. त्या एकट्या स्तंभाचें सांगणें मला तरी एवढेंच ऐकूं येतें.