परतीच्या वाटेचा इतिहास

डीट्रान्झिशन, म्हणजे लिंगभाव-संक्रमणाच्या वाटेवरून माघारी वळणे, हा शब्द अलीकडे विज्ञानविषयक बातम्यांत वारंवार दिसतो. कोणी त्याला संक्रमणाच्या उपचारांविरुद्धचा पुरावा मानतो, तर कोणी त्याचा उच्चारही टाळतो. भारतात मात्र या माघारीचा इतिहास जुना आहे, आणि त्याची सुरुवात रुग्णालयात नव्हे, तर पोलीस ठाण्यात होते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. नोंद झालेली व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेशात आढळल्यास तिला वॉरंटाविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. अशा धाकाने वेश उतरवता येतो; ओळख बदलली असे त्यावरून म्हणता येत नाही. पुढे १४० वर्षांनी, २०११ साली, कर्नाटक पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घालून जवळजवळ तशीच नोंदवही परत आणली गेली. बेंगळुरूतील कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि २०१६ मध्ये त्या कलमातून ‘युनक’ हा शब्द हटवण्यात आला.

कायद्याइतकाच धाक घराचाही असतो. तमिळनाडूतील नामक्कल भागात वाढलेल्या लेखिका ए. रेवती १९९९ पासून बेंगळुरूच्या ‘संगमा’ या संस्थेत काम करू लागल्या. घरच्यांनी मारहाण करून, डोक्यावरचे केस काढवून आपल्याला पुन्हा ‘मुलगा’ बनवण्याचा कसा प्रयत्न केला, हे त्यांनी २०१० साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. त्या दिवसांत बाहेरून पाहणाऱ्याने ‘हा माघारी फिरला’ अशीच नोंद केली असती. प्रत्यक्षात रेवतींनी स्वतःला स्त्री मानणे कधीच सोडले नव्हते.

हा भेद आकड्यांतही दिसतो. अमेरिकेतील २०१५ च्या सर्वेक्षणावर आधारित, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात संक्रमणाच्या वाटेवर पाऊल टाकलेल्या १७,१५१ व्यक्ती होत्या. त्यांपैकी १३.१ टक्के व्यक्ती कधी ना कधी माघारी वळल्या होत्या. या माघारी वळलेल्यांपैकी ८२.५ टक्क्यांनी कुटुंबाचा दबाव, छळ, नोकरीतील अडचण असे किमान एक बाह्य कारण दिले. स्वतःच्या ओळखीविषयीची शंका किंवा तत्सम आंतरिक कारण १५.९ टक्क्यांनी दिले.

पण हे सर्वेक्षण स्वतःला आजही ट्रान्स म्हणवणाऱ्यांचेच होते. ज्यांनी ती ओळख सोडली, ते त्यात येणारच नव्हते. त्याच वर्षी लिसा लिटमन यांनी माघारी वळलेल्या १०० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा चित्र वेगळे दिसले. जन्मवेळी नोंदलेल्या लिंगाशी आता अधिक सहजता वाटते, असे ६० टक्क्यांनी सांगितले. आपल्या अस्वस्थतेचे मूळ आघात, अत्याचार किंवा मानसिक आजारासारख्या दुसऱ्या कशात होते, असे ३८ टक्क्यांना वाटू लागले होते. आपली पुरेशी तपासणी झाली नव्हती, अशी ५५ टक्क्यांची तक्रार होती. हा नमुनाही समाजाचा प्रातिनिधिक आरसा नव्हे. मापनयंत्र कुठे रोखले आहे यावर काय दिसणार हे ठरते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात.

लिटमन यांच्या अभ्यासातील आणखी एक आकडा अधिक अस्वस्थ करतो. केवळ २४ टक्क्यांनी आपली माघार उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवली होती. स्वीडनमध्ये १९६० ते २०१० या काळात कायदेशीर बदलानंतर मूळ नोंद परत मागणाऱ्यांचे प्रमाण २.२ टक्के होते. परंतु अर्ज न करता दूर गेलेला माणूस अशा मोजणीत येत नाही. शिवाय परतलेला प्रत्येक जण पश्चात्ताप करतो असेही नाही. कोणी स्वतःला पुन्हा स्त्री वा पुरुष म्हणतो, कोणी दोन्ही चौकटी नाकारतो, कोणी ट्रान्स राहूनच फक्त संप्रेरके थांबवतो.

२०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने ओळख-प्रमाणपत्राची आणि शस्त्रक्रियेनंतर ते सुधारून घेण्याची तरतूद केली. स्वतःच्या मर्जीने मूळ नोंदीकडे परतू इच्छिणाऱ्याविषयी त्यात काही नव्हते. जबरदस्तीने परत पाठवण्याची व्यवस्था या देशात दीड शतकापूर्वीच उभी राहिली होती. स्वेच्छेने परतणाऱ्याला मात्र डॉक्टरचे दार पुन्हा ठोठावताना संकोच वाटतो. तो संकोच दूर झाल्याशिवाय या विषयाचे विज्ञानही अपुरेच राहील.