ओरेक्सिन
ओरेक्सिन : जाग टिकवून धरणारे मेंदूतील पेप्टाइड. हायपोथॅलॅमसमधील मोजक्या चेतापेशींत ते तयार होते. १९९८ मध्ये दोन संशोधक गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. एका गटाने दिलेले हायपोक्रेटिन हे नावही रूढ आहे.

हिस्टामिन, नॉरॲड्रेनॅलिन व सेरोटोनिन स्रवणाऱ्या केंद्रांना ओरेक्सिन चालना देते, म्हणून माणूस दिवसभर सलग जागा राहतो. ओरेक्सिन तयार करणाऱ्या चेतापेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी जडते. रुग्णाला भरदिवसा अनावर झोप येते. खळखळून हसतानाही स्नायू एकाएकी ढिले पडून तो कोसळू शकतो. डोबरमन कुत्र्यांतील आनुवंशिक नार्कोलेप्सीमागे ओरेक्सिन-ग्राहीच्या जनुकातील दोष असल्याचे १९९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले.

ओरेक्सिनचा परिणाम रोखणाऱ्या सुवोरेक्संट या निद्रानाशावरील औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली.