हृदयाचा लगाम आणि उलटलेला अंदाज

१/५
अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात असो वा मुंबईत, एक्स-रेवर हृदय मोठे दिसले की डॉक्टर रक्तदाब तपासतात. वाढत्या दाबाशी झुंजताना हृदयाचा स्नायू जाड होतो. पण पेशींना हा आदेश कोण देते?

२/५
डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या प्रथिनांवर ॲसिटिल गट चढले की जनुके कार्यरत होतात, असे १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी सुचवले. हे गट उतरवणारी विकरे, अर्थात एन्झाइम, म्हणजे ‘एचडॅक’.

३/५
२००२ मध्ये डलासच्या एरिक ओल्सन यांच्या गटाने उंदरांतील एचडॅक-९ काढून टाकले. ताण पडताच त्यांची हृदये प्रमाणाबाहेर वाढली. एचडॅक हा लगाम ठरला. तेव्हा एचडॅक रोखणारी औषधे घातकच ठरावीत, असा अंदाज होता.

४/५
तो उलटला. त्या औषधांनी हृदयवाढ घटली! कारण एचडॅक हे एक विकर नसून कुटुंब आहे. एचडॅक-९ लगाम घालते ते एमईएफ-२ या प्रथिनाला धरून ठेवून. तिथे औषधाची मात्रा चालत नाही. उलट एचडॅक-२ वाढीला चालना देते, हे २००७ मध्ये फिलाडेल्फियातील संशोधनातून दिसले.

५/५
हृदयवाढीवर ही औषधे अद्याप रूढ झालेली नाहीत. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, हाच आजही खात्रीचा मार्ग आहे.