कटिचकती शस्त्रक्रियोत्तर पाठदुखी
कंबरेच्या मणक्यांमधील सरकलेली चकती शस्त्रक्रियेने काढल्यानंतर टिकून राहणारी किंवा कालांतराने नव्याने उद्भवणारी पाठदुखी. चकतीत मऊ, पाणीदार गाभा व त्याभोवती चिवट तंतूंचे वलय असते. वलय फाटून गाभा बाहेर आल्यास तंत्रिकेचे मूळ दाबले जाते आणि कंबरेपासून पायात तीव्र कळ उतरते. या विकाराला गृध्रसी म्हणतात.

बर्लिन येथे १९०८ मध्ये हेरमान ओपेनहाइम व फेडोर क्राउझे यांनी अशी गाठ काढून रुग्णास बरे केले. तथापि ते कास्थीचे अर्बुद असावे, असा त्यांचा समज झाला. ही अर्बुदे नसून फुटलेल्या चकतीचे भाग होत, हे बॉस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया रूढ झाली. प्रारंभी मणक्याच्या कमानीचा बराच भाग काढला जाई. पुढे छेद लहान होत गेला. १९७७ मध्ये गाझी याशारगिल व व्होल्फहार्ट कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियांचे वृत्तांत प्रसिद्ध केले.

तंत्रिकेवरील दाब दूर झाल्याने पायाची कळ सहसा थांबते. झिजलेली चकती मात्र पूर्ववत होत नाही. गाभा कमी झाल्याने तिची उंची घटते, मागील लहान सांध्यांवर अधिक भार येतो व मणक्यांच्या कडांना हाडाची वाढ होते. तंत्रिकेभोवती व्रणऊतक तयार होते. उरलेला गाभा पुन्हा बाहेर येऊ शकतो. गाभा अधिक खरवडल्यास हा धोका घटतो, पण पाठदुखी वाढण्याचा संभव असतो. तथापि क्ष-किरण चित्रातील बदल व वेदनेची तीव्रता यांचा मेळ नेहमीच बसत नाही.

नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी दहा वर्षांचे निरीक्षण १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया सरस ठरली. चार वर्षांनी मात्र तिचा व इतर उपचारांचा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय उरला नाही. नेदर्लंड्समधील २००७ च्या पाहणीतही लवकर शस्त्रक्रिया केल्याने आराम लौकर पडला, परंतु वर्षअखेर दोन्ही गटांची स्थिती सारखीच आढळली. म्हणून मूत्रविसर्जनावरील ताबा जाणे किंवा पायाची शक्ती झपाट्याने घटणे अशी लक्षणे असल्यास शस्त्रक्रिया तातडीने करतात. एरवी काही आठवडे वाट पाहणे इष्ट समजले जाते. केवळ पाठदुखीसाठी चकती काढणे सामान्यतः उचित मानले जात नाही.