साक्ष, प्रथा आणि कायदा : भांग-गांजाविषयीच्या नागरी युक्तिवादाचा इतिहास

तंजावरच्या मराठी राजवटीमुळे कावेरीकाठी स्थिरावलेल्या कुटुंबांतून एकोणिसाव्या शतकात सरकारशी लेखी युक्तिवाद करणारा एक सुशिक्षित वर्ग उदयाला आला. १८३१ मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले आणि पुढे इंदूरचे दिवाण झालेले आर. रघुनाथराव हे त्याचे ठळक उदाहरण होय. विधवाविवाहाचा पुरस्कार त्यांनी शास्त्राधारे केला. कायदा बदलावा असे वाटणाऱ्याने आधी परंपरेचा पुरावा द्यावा, ही तत्कालीन नागरी वक्तव्याची जणू अटच होती. भांग-गांजाच्या चौकशीतही हीच अट प्रभावी ठरली. तिचे परिणाम आजच्या कायद्यातही दिसतात.

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेतील मद्यपाननिषेधवादी सदस्य डब्ल्यू. एस. केन यांनी बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. त्यातून अखिल भारतीय चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने ठरावीक प्रश्नावली पाठवून १,१९३ साक्षी नोंदवल्या. अधिकारी, डॉक्टर, वैद्य, जमीनदार, व्यापारी, मिशनरी असे नाना तऱ्हेचे लोक बोलले; मात्र सेवन करणाऱ्यांपेक्षा त्यांच्याविषयी बोलणारेच अधिक होते. उत्तरे प्रश्नक्रमांकांत विभागलेली असल्याने साक्षीदाराचे म्हणणे त्याच्या स्वतःच्या क्रमाने क्वचितच उमटले.

अहवालाला जोडलेली दोन टिपणे साहित्याभ्यासकांना विशेष महत्त्वाची वाटावीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक जे. एम. कॅम्पबेल यांनी भांगेचे शिवोपासनेतील स्थान मांडून बंदी लोकांच्या भावना दुखावील, असा इशारा दिला. ग्रिअर्सन यांनी या वनस्पतीच्या वाङ्मयीन उल्लेखांची नोंद केली; परंतु त्यांचे क्षेत्र संस्कृत आणि हिंदी एवढेच होते. मराठी व तमिळ या दोन्ही परंपरा, म्हणजे कुंभकोणमसारख्या गावात शेजारी नांदलेल्या भाषा, त्यात आल्या नाहीत. ‘परंपरा’ म्हणून जे शासनापुढे गेले ते असे निवडक होते.

नोंदीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आयोगाने स्वतःच उपस्थित केला. १८९२ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा वा भांग असे लिहिलेले होते. तपासणीअंती ही संख्या ९८ वर आली. चौकशीविना भरलेला रकानाच पुढे पुरावा म्हणून वावरला होता. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी अनावश्यक असून कर, परवाने व मर्यादित दुकाने यांनी नियंत्रण ठेवावे, हा आयोगाचा १८९४ मधील निष्कर्ष होता. तथापि, तीन भारतीय सदस्यांपैकी दोघांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. ‘एतद्देशीय मत’ एकजिनसी नव्हतेच.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने चरस आणि गांजा हे दंडनीय ठरवले. मात्र गांजाच्या व्याख्येतून, शेंडे सोबत नसतील तर, बी आणि पाने वगळली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही हाच भेद आहे. पानांची भांग त्यामुळे या कायद्याबाहेर राहून राज्यांच्या नियमांखाली आली. एकाच झाडाचे असे विभाजन औषधशास्त्रापेक्षा प्रथेच्या मान्यतेवर अधिक उभे आहे. शिवरात्रीची भांग वाचली. गांजा ओढणारा गोसावी किंवा शेतमजूर मात्र आरोपी झाला.

पुढील काळात लोकसभेचे सदस्य धर्मवीर गांधी यांनी नियंत्रित पुरवठ्यासाठी अशासकीय विधेयकाचा मार्ग धरला. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात बंदीला आव्हान देणारी याचिका दाखल झाली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात हा पदार्थ सर्वांत कठोर अनुसूचीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले. आजचा नागरिकही प्राचीनत्वाचाच आधार घेतो. त्याने प्रथा वाचू शकते. परंतु तुरुंगात गेलेल्या सामान्य माणसाचे काय, हा प्रश्न त्या युक्तिवादात मावत नाही. सुधारणेची बाजू मांडणाऱ्याला यापुढे देवाची नव्हे, माणसाची साक्ष काढावी लागेल.